फ्लेक्सखाली माझं नाव असतं, तुमच्या डिबेटखाली कोणाचं?

प्रति,
गोव्यातल्या न्यूज चॅनलांचे मालक-संपादक, रात्रीच्या डिबेटचे अँकर, आणि मोबाईल स्टँडला लावून बाजारातून लाईव्ह करणारे आमचे पत्रकार भाऊ-बहिणी यांना,

सप्रेम नमस्कार.

मी कुडचडेचा. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान चालवतो. दुसऱ्यांचे अर्ज आणि पत्रं टाईप करून द्यायची सवय आहे, स्वतःचं लिहायची नाही, त्यामुळे कुठे वाकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्या. तुम्हाला रागावून लिहितोय हे खरं, पण शिवी एकही देणार नाही, तेवढं आधीच सांगतो.

गेल्या महिन्यात आमच्या भागात दोन घरं फुटली, सोनं गेलं. लोक घाबरले, साहजिक आहे. तुमच्यातल्याच एका लोकल चॅनलने (नाव घेत नाही, कारण हे पत्र त्यांच्या एकट्यासाठी नाही) दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी भाड्याच्या खोल्यांच्या चाळीसमोर उभं राहून लाईव्ह केलं. हे लोक कोण, आले कुठून, यांचे कागद कोणी तपासले, आमच्या आयाबहिणी सुरक्षित आहेत काय, असं एकामागून एक. कॅमेरा सरळ दारांवर. वाळत घातलेले कपडे, तोंडावर पदर ओढून आत पळणाऱ्या बायका, कोपऱ्यावर उभी पोरं, सगळं दाखवलं. मग स्टुडिओत एक पाहुणा, तो म्हणाला पोलीस काय करत नसतील तर गोंयकारांनी आता हातात घ्यायला हवं, आणि अँकर फक्त मान हलवत होता. काय हातात घ्यायचं ते कोणी विचारलं नाही.

त्या चाळीत माझ्या दुकानात काम करणारा पोरगा राहतो. फ्लेक्सला रिंगा मारणं, फ्रेम बांधणं, शिडीवर चढून लावणं, सगळं तोच करतो. त्याचा बाप खाणी जोरात होत्या तेव्हा हुबळीकडून आला, पोरगा मडगावात हॉस्पिसियो इस्पितळात जन्मला, मराठी शाळेत शिकला, कोकणी माझ्यापेक्षा चांगली बोलतो. लाईव्ह झाल्यावर दोन-तीन दिवसांनी बसस्टँडवर चार-पाच जणांनी त्याला अडवला. "तुजें नांव कितें?" विचारलं. त्याने सांगितलं. मग राहतो कुठे ते विचारलं, त्याने तेही सांगितलं, कारण लपवायचं काय? मारताना ती पोरं जे ओरडत होती ते शब्दाला शब्द त्या पाहुण्याचं होतं. डाव्या कानाने त्याला आता नीट ऐकू येत नाही. नाव मी इथे देत नाही, त्याच्या आईने हात जोडून तसं सांगितलंय.

चोऱ्या कोणी केल्या मला आजही ठाऊक नाही. उद्या चाळीतलाच कोणीतरी सापडला तरी माझं म्हणणं बदलणार नाही, कारण चोर धरणं हे पोलिसांचं काम आणि तुमच्या लाईव्हने चोर धरला नाही, एका पोराचा कान फोडला.

मी त्या चॅनलला फोन केला. उत्तर मिळालं, आम्ही फक्त लोकांच्या भावना दाखवल्या. आणि त्याच आठवड्यात त्याच विषयावर दुसरं लाईव्ह, वर मथळा 'गोंयकार जागा झाला'. मारहाणीची एक ओळ नाही. हे बघून मी लिहायला बसलो.

आता माझा आणि शब्दांचा संबंध काय ते सांगतो, कारण तुम्ही म्हणाल हा फ्लेक्सवाला आम्हाला पत्रकारिता शिकवायला आला. इलेक्शन आली की आमच्या धंद्याला लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७अ लागतं. निवडणुकीचं कुठलंही पोस्टर, पत्रक छापलं तर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता त्यावर पाहिजे, छापून घेणाऱ्याकडून दोन ओळखीच्या माणसांच्या सह्यांसकट डिक्लरेशन घ्यायचं, कॉपी सरकारी ऑफिसला पाठवायची. चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मजकूर माझा नसतो, पैसे दुसऱ्याचे, फोटो तिसऱ्याचा, तरी खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत का होईना, माझं नाव असतं. त्यामुळे छापण्याआधी वाचायची सवय लागली, ती इलेक्शन नसतानाही सुटत नाही. चवथीच्या दिवसांत एक मंडळवाला मॅटर घेऊन आला, वर गणपती आणि खाली दुसऱ्या धर्माच्या लोकांना धमकी. मी म्हटलं गणपती छापतो, खालचं नाही छापणार. तो दुसरीकडे गेला आणि बहुतेक छापून घेतलंच असेल. गिऱ्हाईक गेलं ते गेलंच, परत आलं नाही.

सांगायचं एवढंच की दुसऱ्याच्या शब्दांसाठी मी जबाबदार धरला जातो, आणि तुम्ही स्वतः बोललेल्या, स्वतः बोलावलेल्या पाहुण्याने बोललेल्या शब्दांसाठी 'भावना दाखवल्या' म्हणून मोकळे होता. हे कसं काय?

पेपरवाल्यांचंही पहिल्यापासून असंच होतं बघा. १८६७ च्या कायद्यापासून प्रत्येक पेपरवर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं असतात, पुढे संपादकाचंही आलं. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा काय यावर १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं, त्या ओपिनियन पोलच्या वेळी 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने आणि 'राष्ट्रमत' विरुद्ध, दोघांनी एकमेकांवर काय कमी आग पाखडली काय? आमच्या घरात त्या गोष्टी अजून निघतात आणि अजून भांडणं होतात, आम्ही मराठीवाले, सांगायलाच नको कुठल्या बाजूचे. पण कोणी काय लिहिलं ते कागदावर राहिलं, खाली नाव राहिलं, पन्नास वर्षांनी पण काढून दाखवता येतं. तुमचं लाईव्ह संध्याकाळी पेटवतं आणि बोंब झाली की सकाळी डिलीट. मधल्या वेळात ते शंभर ग्रुपवर फिरलेलं असतं, ते मात्र कोणी डिलीट करू शकत नाही.

आणि गोव्यात असं काय होत नाही, आपण शांत लोक, हे कृपा करून मला सांगू नका. भाषेच्या आंदोलनात १९८६ साली सात जणांचा जीव गेला. मार्च २००६ मध्ये आमच्याच सावर्डे-कुडचडेत एका प्रार्थनास्थळाच्या बांधकामावरून दंगल झाली, दुकानं फोडली, जाळली, तेव्हा हातात स्मार्टफोन नव्हते, नुसत्या तोंडी अफवांवर पूल ओलांडून माणसं इकडून तिकडे धावत होती. तेव्हा तुमचं लाईव्ह असतं तर काय झालं असतं हा विचार मी नको म्हटलं तरी येतो.

आता तक्रारी एकेक करून सांगतो.

पहिली, प्रश्नचिन्ह. 'बाहेरच्यांची टोळी सक्रिय?' 'गोव्याची ओळख पुसण्याचा कट?' शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की आम्ही आरोप केला नाही, फक्त प्रश्न विचारला. अहो, प्रश्न विचारायचा तर ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याला विचारा ना, पोलीस इन्स्पेक्टरला विचारा, घरमालकाला विचारा की भाडेकरूंची माहिती पोलीस स्टेशनला दिली की नाही. दार लावून घेणाऱ्या बाईला कॅमेऱ्यातून काय विचारताय?

दुसरी, पाहुणे. तुम्ही पाहुणा निवडता तेव्हाच तुम्हाला ठाऊक असतं तो काय बोलणार. जो शांतपणे दोन आकडे सांगेल त्याला पुन्हा बोलावत नाही, जो टेबल आपटतो तो दर आठवड्याला. मग तो काही भयंकर बोलला की खाली पट्टी, 'पाहुण्यांची मतं वैयक्तिक'. माझ्या दुकानात मी अशी पट्टी लावली आणि पाहिजे ते छापलं तर चालेल काय? सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये एका टीव्ही अँकरच्या केसमध्येच सांगितलंय की ज्याचं बोलणं लाखो लोक ऐकतात त्याच्यावर सामान्य माणसापेक्षा जास्त जबाबदारी आहे. आणि त्या अँकरवरच्या एफआयआर रद्द करायला नकार दिला.

तिसरी, लाईव्हच्या खालच्या कमेंट. त्या दिवशी मी स्वतः वाचल्या. कोणी चाळीचा रस्ता सांगतोय, कोणी घरमालकाचं नाव, कोणी 'आज रात्री जाऊया'. चॅनलचा माणूस तिथे बसलेला, कारण मधेच 'शेअर करा, लाईक करा' असं चॅनलच्या नावाने येत होतं. म्हणजे लाईक मागायला माणूस आहे, धमकी काढायला नाही.

चौथी तक्रार मोठी आहे आणि ती फक्त गोव्याच्या चॅनलांची नाही. तुमची चूक निघाली की दुरुस्ती कधी दिसत नाही. २०२० च्या कोरोनात तबलीगी जमात या मुस्लिम धर्मप्रचारकांवरून देशभरच्या चॅनलांनी काय केलं आठवतं ना? भाजीवाल्याचं नाव विचारून गाडा परत पाठवत होते लोक, कितीतरी ठिकाणी. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले आणि सरळ लिहिलं की प्रिंट आणि इलेक्ट्रॉनिक मीडियात या लोकांविरुद्ध मोठा प्रपोगंडा झाला, यांना बळीचा बकरा केल्यासारखं दिसतं. हे आपलंच हायकोर्ट, पर्वरीला याचंच खंडपीठ बसतं. किती अँकरनी त्या रात्री तेवढ्याच आवाजात, तेवढाच वेळ हा निकाल सांगितला? त्याच वर्षी एप्रिलमध्ये पालघरच्या गडचिंचलेला दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाने मारले. मूळ कारण चोर आणि पोरं पळवणारे फिरतायत ही अफवा. पण काही स्टुडिओंत दोन दिवस त्याला हिंदू-मुस्लिम रंग चढवला, शेवटी महाराष्ट्राच्या गृहमंत्र्यांना सांगावं लागलं की अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही. त्याआधी १ जुलै २०१८ ला धुळ्याच्या राईनपाड्यात भिक्षा मागून जगणाऱ्या गोसावी समाजाच्या पाच माणसांना अशाच मुलं पळवण्याच्या अफवेवर ठेचून मारलं होतं. ही अफवा म्हणजे काय चीज आहे हे सगळ्या पत्रकारांना तेव्हाच कळायला हवं होतं. २०२० मध्ये तुम्ही तिला मेकअप करून प्राईम टाईमला बसवली.

पाचवी तक्रार करताना जरा जपून बोलतो कारण आता माझेच लोक रागावतील. गोव्यात घाट्यांविरुद्ध, भायल्यांविरुद्ध, म्हणजे बाहेरून आलेल्यांविरुद्ध, काहीही बोललं तरी ते द्वेष धरलंच जात नाही. धर्मावरून कोणी बोललं तर निदान दोन-चार लोक तरी म्हणतात हे बरं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये शवप्रदर्शनाच्या तोंडावर गोव्यातले संघाचे माजी प्रमुख सुभाष वेलिंगकरांनी सेंट फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांची डीएनए चाचणी करा म्हटलं, मडगावात लोक रस्त्यावर आले, तेव्हा ती क्लिप दिवसभर फिरवणारे होते तसे थांबा म्हणणारेही होते. त्याआधी शिवाजी महाराजांबद्दल एका पाद्रीच्या प्रवचनावरून पेटलं, मग सां जुझे दि आरियल गावातल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावरून, तेव्हाही दोन्हीकडे समजूतदार माणसं निघाली. पण 'घाटी' म्हटलं की हिंदू, ख्रिश्चन, मराठीवाले, कोकणीवाले, सेक्युलर, सगळे एका बाजूला! भांडण झालं की मलाही घाटी म्हणतात, आजोबा सावंतवाडीहून आले म्हणून. चॅनलवाल्यांना हे पक्कं ठाऊक आहे. धर्मावर बोललं तर निम्मे प्रेक्षक तुटतात, भायल्यांवर बोललं तर एकही तुटत नाही. म्हणून हा विषय तुम्हाला स्वस्त पडतो.

प्रश्न खरे आहेत, मी कुठे नाही म्हणतो. जमिनी जातायत, भाडी परवडत नाहीत, पोरांना नोकऱ्या नाहीत, खाणी बंद पडल्यापासून तर आमच्या भागाचं काय झालं ते आम्हीच जाणतो. पण डोंगर कापायला झोन बदलून कोणी घेतला? झोन बदलू देणारं नगरनियोजन कायद्याचं १७(२) आणि ३९अ कलम चाळीतल्या रिंगा मारणाऱ्या पोराने आणलं काय? तुमच्यातल्या काहींनी त्या विषयावर चांगलं काम केलंय, कागद काढून बातम्या केल्यात, ते मी दुकानात येणाऱ्यांना आवर्जून दाखवतो. तसं काम करता येतं तर मग चाळीच्या दारात जायची गरज काय पडते? मला वाटतं कारण सोपं आहे, बिल्डरच्या गेटवर वॉचमन असतो आणि त्याचा वकील असतो.

आता तुमचा नेहमीचा बचाव. आम्ही कोणाला मार म्हटलं नाही.

अमेरिकेत कॅन्सस राज्यात विचिटा नावाचं शहर आहे, तिथे डॉ. जॉर्ज टिलर म्हणून गर्भपात करणारे डॉक्टर होते. फॉक्स न्यूजवर बिल ओ'रायली नावाचा मोठा अँकर त्यांच्याबद्दल कितीतरी वेळा बोलला, 'टिलर द बेबी किलर' हे त्याने घरोघर पोचवलं. ३१ मे २००९ ला, रविवारी, त्या डॉक्टरला त्यांच्या चर्चमध्येच एकाने गोळी घातली. मारणारा आधीपासूनच कट्टर होता, शो बघून उठला आणि गेला असं कोणी सिद्ध केलेलं नाही, हेही मी सांगतो कारण अर्धं सांगणं बरोबर नाही. त्याला कोर्टाने जन्मठेप दिली. अँकर म्हणाला माझा काही संबंध नाही. कायद्याने नसेलही. पण एका माणसाला रोज रात्री राक्षस म्हणून दाखवायचं आणि कोणीतरी त्याला मारायला गेला की आश्चर्य वाटल्यासारखं करायचं, हे मला तरी पटत नाही.

रवांडाचं तर सगळ्यांना माहीत असायला हवं. १९९३ साली तिथे आरटीएलएम नावाचं रेडिओ स्टेशन सुरू झालं. कंटाळवाणं सरकारी रेडिओ नाही हं, भारी गाणी, जोक, टिंगल, तरुण पोरं कानाला लावून फिरायची. त्यावर तुत्सी लोकांना झुरळं म्हणायचे. १९९४ मध्ये कत्तल सुरू झाली तेव्हा तेच स्टेशन माणसांची नावं, पत्ते, गाड्यांचे नंबर सांगत होतं. तीन-साडेतीन महिन्यांत आठ लाखांच्या आसपास माणसं मेली. नंतर आंतरराष्ट्रीय कोर्टाने डिसेंबर २००३ मध्ये त्या रेडिओशी संबंधित दोघांना आणि एका पेपरच्या संपादकाला शिक्षा दिल्या. अपीलात काही आरोप गळले, शिक्षा कमी झाल्या, पण मोकळं कोणी सुटलं नाही. कुडचडे म्हणजे रवांडा नाही, मला कळतं तेवढं. पण चाळीचा पत्ता लाईव्हखाली टाकणं आणि रेडिओवर पत्ता वाचणं, यात मला जात एकच दिसते.

लांब कशाला, आपल्या शेजारचंच घ्या. ३१ जुलै २०२३ ला जयपूर-मुंबई ट्रेनमध्ये पालघरच्या जवळ रेल्वे सुरक्षा दलाच्या (आरपीएफ) एका कॉन्स्टेबलने आपल्या साहेबाला आणि तीन मुसलमान प्रवाशांना गोळ्या घातल्या. केस कोर्टात आहे, त्याच्या डोक्यात काय होतं ते कोर्ट ठरवेल. पण जो व्हिडिओ फिरला त्यात प्रेताच्या बाजूला बंदूक घेऊन उभा असताना तो माणूस मीडियाचा हवाला देतोय, मीडिया काय दाखवते ते सांगतोय. ते ऐकून एकाही न्यूजरूमची झोप उडाली नाही काय हो?

तुमच्यावर लगाम कोणाचा म्हणून मी शोधलं. प्रेस कौन्सिलकडे टीव्ही येत नाही. मोठ्या चॅनलांनी स्वतःच स्थापन केलेली एक संस्था आहे, तिच्याकडे जायचं तर आधी चॅनलला कळवायचं, तेही दाखवल्यापासून सात दिवसांत, आणि एवढं करून २०२३ पर्यंत तरी जास्तीत जास्त दंड एक लाख. ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेच विचारलं की एवढ्याशा दंडाने चॅनलला काय फरक पडणार. आणि जे चॅनल तिचे मेंबरच नाहीत, फेसबुक-युट्यूबवरच चालतात, त्यांना तर तेही नाही. त्यांच्यासाठी २०२१ चे आयटी नियम आहेत, डिजिटल न्यूजवाल्याने तक्रार अधिकारी नेमायचा, त्याचा संपर्क लोकांना दिसेल असा ठेवायचा, पंधरा दिवसांत तक्रारीवर निर्णय द्यायचा. मी गोव्यातली मला माहीत असलेली पेजेस उघडून बघितली. जाहिरातीसाठी नंबर सगळ्यांचा आहे.

कोणाला आत टाका, चॅनल बंद करा, असं मी म्हणत नाही. चॅनल बंद करायची पॉवर सरकारला दिली की पहिलं कोणाचं बंद होतं ते आपण बघतोच, आणि धार्मिक भावना दुखावल्याच्या एफआयआर कोणावर चटकन होतात आणि कोणावर होतच नाहीत तेही बघतो. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलंय की द्वेषाच्या भाषणावर तक्रारीची वाट न बघता, धर्म न बघता गुन्हा नोंदवा, नाहीतर कोर्टाचा अवमान धरू. गोवा पोलिसांनी ते जसंच्या तसं पाळावं, ही एक मागणी त्यांच्याकडे. बाकीच्या तुमच्याकडे आहेत, आणि त्यासाठी कुठल्या नवीन कायद्याची गरज नाही.

प्रत्येक चॅनलच्या पेजवर आणि प्रत्येक व्हिडिओखाली संपादकाचं, अँकरचं आणि तक्रार घेणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर टाका. आम्ही फ्लेक्सवर टाकतो, तुम्हालाही जमेल.

ज्याच्यावर गुन्हा नोंद नाही त्याचं घर, तोंड, दार, गाडीचा नंबर दाखवू नका. लाईव्हमध्ये तर नकोच, कारण लाईव्हमध्ये कापता येत नाही.

पाहुणा 'हातात घ्या', 'धडा शिकवा', 'हाकलून द्या' म्हणाला तर तिथल्या तिथे थांबवा, विचारा की म्हणजे नक्की काय करायचं, आणि ऐकत नसेल तर माईक बंद करा. माईक बंद करता येतो हे आम्हाला माहीत आहे, भलत्या माणसांचा करताना रोज बघतो. आणि असा पाहुणा परत बोलावू नका.

कमेंट सांभाळायला माणूस नसेल तर कमेंट बंद ठेवा.

चूक झाली तर त्याच वेळेला, त्याच अँकरने, तेवढाच वेळ उभं राहून सांगायचं. रात्री बारा वाजता एक ओळ टाकायची नाही.

पत्रकार संघटनांनाही सांगणं आहे. पत्रकारावर हल्ला झाला की तुम्ही निषेधाचं पत्रक काढता, बरोबरच करता, ती पत्रकं माझ्याकडेही छापायला आली आहेत. एखाद्या पत्रकाराच्या लाईव्हमुळे कोणी मार खाल्ला तर त्यावरही चार ओळी काढा. छपाईचे पैसे घेणार नाही.

लहान चॅनलवाल्यांची अडचण मला समजते, एकच माणूस कॅमेरा धरतो, बोलतो, एडिट करतो, जाहिरात आणतो, आणि व्ह्यूज पडले की घर चालत नाही. माझंही दुकान तसंच आहे, चवथ, शिगमो, फेस्त आणि इलेक्शन यांच्यावर वर्ष निघतं, बाकी महिने झेरॉक्सच्या दोन-दोन रुपयांवर. तरी काही मॅटर मी घेत नाही. तुम्हीही घेऊ नका, एवढंच.

शेवटचं, ज्या चॅनलने ते लाईव्ह केलं त्यांच्यासाठी. पोराच्या कानाचा खर्च मी तुमच्याकडे मागत नाही, त्याने आणि त्याच्या आईनेही मागितलेला नाही. तो व्हिडिओ तुमच्या पेजवर आजही आहे. त्यात तिसऱ्या मिनिटापासून त्यांच्या खोलीचं दार दिसतं, बाजूला घरमालकाची पाटी दिसते. व्हिडिओ बघून घरमालकाने त्यांना महिन्याच्या शेवटी खोली खाली करायला सांगितलीय, आणि दुसरीकडे विचारायला गेले की लोक म्हणतात तुम्ही त्या व्हिडिओतले ना. बाकी मागण्यांवर मीटिंग घ्या, विचार करा, वेळ लावा. हा व्हिडिओ मात्र आज काढा, आणि का काढला ते त्याच पेजवर तुमच्या नावानिशी लिहा. घरमालकाला मी ते प्रिंट काढून नेऊन देतो.

आपला,
एक फ्लेक्सवाला, कुडचडे